फ्यूजमधला कंडक्टर

त्या शनिवारी त्याने कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधा फ्यूज आणला असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. अँप्लिफायरचा फ्यूज उडाला होता, एवढंच. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी तार, आणि ती तार तुटलेली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तसलीच दुसरी नळी बरणीतून काढून कागदाच्या पुडीत बांधून दिली असती. पण कानसेन जिना उतरला आणि कोपऱ्यावर न वळता नाकासमोर सरळ चालत गेला.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसात तो आवक-जावक टेबलावर होता. एकदा टपालावर शिक्के मारता मारता तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "आज शिक्क्याचा आवाज जरा बसलाय, नाही?" त्या दिवसापासून अख्खं ऑफिस त्याला कानसेन म्हणू लागलं. नाव टिंगलीने पडलं होतं, पण तो ते पदवी मिळाल्यासारखं मिरवू लागला.

या पदवीच्या जोरावर त्याचा साहेबांच्या श्रवण मंडळात शिरकाव झाला होता. मंडळ म्हणजे तीन माणसं. एक खुद्द ऑफिसचे साहेब. त्यांच्या बंगल्यात कपाटाएवढे स्पीकर होते आणि संगीतावर बोलताना ते डोळे मिटत. दुसरे दातांचे डॉक्टर. ते कशावरही पटकन विश्वास ठेवत नसत (दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघितल्याचा परिणाम असेल). आणि तिसरा कानसेन. त्याच्याकडे रेकॉर्डी पुसणं, खिडक्या लावणं आणि योग्य जागी "वा!" म्हणणं ही कामं होती. इतकं करूनही साहेबांना त्याचं नाव आठवत नसे. "अहो, हे… ती खिडकी लावा," असं ते म्हणत. आपलं कधीतरी नाव निघावं, आपल्या घरच्या सिस्टीमचंही कोणी कौतुक करावं, एवढी एकच इच्छा मनात धरून तो कोपऱ्यावर वळला नव्हता.

तो गेला ते खास ऑडिओच्या दुकानात. तिथले दुकानदार इतक्या हळू आवाजात बोलत, की समोरच्याला आपला खिसासुद्धा मोठ्याने वाजतोय असं वाटावं. त्यांनी मखमलीची डबी उघडली. आत पांढरा फ्यूज होता, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा आणि अंगावर एक बारीकसा बाण.

"हा बाण कसला?" कानसेनने विचारलं.

"दिशेचा. संगीत कुठून कुठे जायचं त्याचा."

"आणि उलटा बसवला तर?"

दुकानदारांनी डबी मिटली. "तुम्ही नवीन दिसता," ते म्हणाले.

कानसेन खजील झाला. एवढा शरमला, की आपण जुने आहोत हे दाखवण्यासाठी त्याने किंमत न विचारताच फ्यूज घेतला. किंमत मग पावतीवर कळली. त्याने ती बायकोला सांगितली नाही, तेव्हा आपणही ती गुप्तच ठेवू.

"पहिले काही दिवस फरक जाणवणार नाही," दुकानदार निरोप देताना कुजबुजले. "फ्यूज मुरावा लागतो."

घरी बायको ड्यूटीवर निघण्याच्या गडबडीत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि शनिवार-रविवारच्या दुपारच्या पाळ्या नेमक्या तिच्या वाट्याला यायच्या. तिने डबीत डोकावून पाहिलं.

"एवढ्याशा गोळीला एवढी मोठी डबी?"

"गोळी नाही, फ्यूज आहे."

"आमच्याकडे एवढ्या मोठ्या डबीत एवढीशी गोळी आली, की आम्ही आधी तारीख बघतो," ती म्हणाली. "अण्णांचे डोळ्याचे थेंब टेबलावर ठेवलेत. जेवले की घाला. आणि त्यांना वाचू देऊ नका, टीव्ही लावू देऊ नका. नुसतं पडून राहायला सांगितलंय."

अण्णा म्हणजे सासरे. बसमध्ये कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेला (बसायला सीट मिळाली ती निवृत्तीनंतरच) हा गृहस्थ मोतीबिंदूचं ऑपरेशन करून त्याच आठवड्यात लेकीकडे विश्रांतीला आला होता. हॉलमध्येच प्लायवूडचं पार्टिशन टाकून जी खोली केली होती, तिथे त्यांची खाट लावली होती. उशी पार्टिशनच्या बाजूला, आणि पार्टिशनच्या अलीकडे, हॉलमध्ये, कानसेनचा उजवा स्पीकर.

"मला दिवसा झोप येत नाही, जावईबापू," जेवण झाल्यावर डोळ्यात थेंब घालून घेत अण्णा म्हणाले. "मी आपला डोळे मिटून पडतो."

रोज दुपारभर असे डोळे मिटून पडल्यामुळे रात्री त्यांना झोप येत नसे आणि ते खुर्चीत टक्क जागे बसत. म्हणूनच ते झोपल्यावर काय होतं, हे जावयाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

अण्णांच्या खोलीचं दार लोटून कानसेनने फ्यूज बसवला. बाण तीनदा तपासला. मग वाद्यवृंदाची त्याची लाडकी रेकॉर्ड लावली आणि स्पीकरसमोर जाऊन बसला. काही म्हणजे काही फरक नव्हता. फ्यूज मुरायचाय, त्याने मनाची समजूत घातली. रेकॉर्डमधला संथ भाग आला, व्हायोलिनं हळू झाली, आणि एकदम त्याच्या अंगावर काटा आला.

उजव्या बाजूने, अगदी खोलवरून, कोणीतरी श्वास घेतला होता.

पुन्हा! लांब, तृप्त श्वास, आणि सोडताना शेवटी बारीकशी शीळ. ही रेकॉर्ड त्याला तोंडपाठ होती, पण हा श्वास त्याने आजवर कधी ऐकला नव्हता. वादकाचा श्वास! गज उचलण्याआधी वादकाने छातीत भरून घेतलेली हवा त्या फ्यूजने सोडवून त्याच्या हॉलमध्ये आणली होती. कानसेनचे डोळे भरून आले. पावतीवरचा आकडा त्याला प्रथमच क्षुल्लक वाटला.

सोमवारी फाइल घेऊन तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि फाइल हातातच ठेवून त्याने ही हकिगत सांगितली.

"फ्यूजने?" साहेब म्हणाले. "अहो, हे… फ्यूजचा आणि आवाजाचा काय संबंध?"

"साहेब, श्वास ऐकू येतो. वादकाचा."

साहेबांनी डोळे मिटले. म्हणजे विषय त्यांनी मनावर घेतला होता. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचं म्हणणं फोनमधून कानसेनलाही ऐकू आलं.

"मी लोकांना सोन्याचे दात बसवतो. पण त्याने कोणी गोड बोलायला लागल्याचं अजून पाहिलं नाही."

तरी रविवारी दोघेही आले. मंडळ प्रथमच कानसेनच्या घरी जमत होतं. बायको पाळीवर गेली होती, अण्णा जेवून, थेंब घालून, डोळे मिटून पडले होते. कानसेनने खिडक्या लावल्या. रेकॉर्ड पुसली. सुई टेकवली.

बराच वेळ काहीच झालं नाही. डॉक्टर छताकडे बघत होते. मग संथ भाग सुरू झाला, आणि आला! लांब, खोल श्वास, शेवटी शीळ.

साहेब ताठ झाले. डॉक्टरांनी मान पुढे काढली.

"ऐकलंत?" साहेब पुटपुटले. "ती शेवटची शीळ ऐकलीत? ती श्वासाची नव्हे. ते व्हायोलिनचं लाकूड बोलतंय!"

पुढच्या श्वासाला साहेबांनी खिशातून रुमाल काढला. डॉक्टर उठून उजव्या स्पीकरपाशी गेले, त्यांनी कान लावला, आणि पडलेल्या चेहऱ्याने परत येऊन बसले. आयुष्यात प्रथमच त्यांना एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागत होता आणि त्याची त्यांना सवय नव्हती. साहेबांनी तोच भाग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी श्वास भलत्याच ठिकाणी आला.

"मघाशी इथे नव्हता," डॉक्टर म्हणाले.

"फ्यूज अजून मुरतोय," कानसेनने खुलासा केला.

आणि मग, सगळी वाद्यं थांबून एकच व्हायोलिन उरलं होतं त्या जागी, उजवीकडून एक दबका, भरड आवाज आला :

"पुऽदे… च्यालाऽ…"

तिघांचे श्वास अडकले (चौथ्याचा चालू होता).

"माणूस बोलला," डॉक्टर म्हणाले.

"माणूस नव्हे," साहेबांचा आवाज थरथरत होता. "कंडक्टर! हा कंडक्टरचा आवाज आहे. वाद्यवृंदाला तो हळूच सूचना देतोय. पुदेच्याला. इटालियन आहे."

"अर्थ काय त्याचा?"

साहेबांनी डोळे मिटले. "संथपणे," ते म्हणाले, "पण स्वाभिमान न सोडता."

कानसेनला पार्टिशनपलीकडे एक सेवानिवृत्त कंडक्टर आहे याची आठवणसुद्धा झाली नाही. माणूस यशाच्या शिखरावर असला की त्याला सासरा आठवत नाही. निघताना साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चक्क त्याच्या आडनावाने हाक मारली. ते आडनाव थोडं चुकलं होतं, पण सुरुवातीचं अक्षर बरोबर होतं. तो बराच वेळ दारातच उभा राहिला.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तसाच फ्यूज आणला. तिसऱ्या दिवशी कानसेनला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"श्वास नाही," साहेब म्हणाले. दार बंद होतं आणि त्यांचा चेहरा वाईट बातमी आल्यासारखा होता. "बाण सुलटा लावला, उलटा लावला. नाही म्हणजे नाही. माझ्या त्या एवढ्या स्पीकरांतून नाही, आणि तुमच्या त्या खोक्यांतून येतो?"

"मुरायला वेळ लागतो, साहेब."

"तुमचा मुरलेला मला द्या."

कानसेनने आपला फ्यूज देऊन टाकला आणि घरी कोपऱ्यावरचा साधा फ्यूज बसवला. दोन दिवसांनी साहेबांनी डबी टेबलावर आपटली. श्वास तर नव्हताच, वर डॉक्टर आता उघड उघड हसायला लागले होते आणि साहेबांना इटालियनमध्ये निरोप पाठवत होते. साहेबांनी फर्मान काढलं. येत्या रविवारी कानसेनने आपला अँप्लिफायर, आपला फ्यूज, आपली रेकॉर्ड, सगळं घेऊन बंगल्यावर यायचं आणि डॉक्टरांसमोर श्वास ऐकवायचा.

"नाही ऐकू आला तर," साहेब म्हणाले, "मी तीनदा रुमाल काढला होता, एवढं लक्षात ठेवा." आणि त्यांनी पुन्हा "अहो, हे…" असं म्हणून त्याला जायला सांगितलं.

शनिवारी दुपारी कानसेन तालीम करायला बसला. महागडा फ्यूज परत बसवला, रेकॉर्ड लावली. श्वास लगेच आला, अगदी ठणठणीत. त्याच्या जीवात जीव आला. रेकॉर्ड संपली, त्याने सुई उचलली.

श्वास चालूच होता.

त्याने अँप्लिफायर बंद केला. श्वास चालूच. त्याने वायर भिंतीतून उपटली. आता वायर त्याच्या हातात लोंबत होती आणि उजव्या स्पीकरमधून वादक निवांत श्वास घेत होता. फ्यूजची ही प्रगती त्यालासुद्धा जरा जास्तच वाटली. त्याने स्पीकर बाजूला सरकवला आणि मागच्या प्लायवूडला कान लावला.

"पुऽदे च्यालाऽ," प्लायवूड म्हणालं. "पुऽदे रिकामं आहे… पुऽदे च्याला…"

त्याने जाऊन खोलीचं दार ढकललं. अण्णा उताणे झोपले होते, तोंड उघडं, वरची कवळी सैल होऊन किंचित खाली उतरलेली. दर उच्छ्वासाला कवळी हलत होती आणि तिच्या फटीतून बारीक शीळ निघत होती. कानसेन खाटेशेजारी मटकन खाली बसला. ते व्हायोलिनचं लाकूड तो कितीतरी वेळ बघत राहिला.

बायको आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं (किंमत सोडून). ती आधी गालात हसली, मग भिंत धरून हसली, मग खाली बसून हसली.

"साहेबांना सरळ सांगून टाका," डोळे पुसत ती म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही माझ्या सासऱ्याच्या घोरण्यावर रुमाल भिजवलात म्हणून?"

"मग आजारी पडा. मी गोळ्या आणून देते."

"सोमवारी ते पुन्हा बोलावतील."

"मग काय करणार आहात?"

कानसेन पार्टिशनकडे बघत होता. त्याच्या डोळ्यात एक विचित्र चमक आली होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोने ती चमक मोजक्याच वेळा पाहिली होती आणि दर वेळी नंतर प्लंबर बोलवावा लागला होता.

"अण्णांना नेतो," तो म्हणाला.

अण्णांना हे आमंत्रण ऐकून आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी कुठे बोलावलं नव्हतं. त्यांनी दाढी केली, ठेवणीतला कोट काढला आणि जावयाच्या ऑफिसच्या साहेबांकडे जायचं म्हणून लेकीकडून बुटांना पॉलिश करून घेतलं. कानसेनने त्यांना आग्रह करकरून दुप्पट जेवू घातलं.

"अण्णा, तिथे अगदी मोकळेपणाने झोपायचं," रिक्षात अँप्लिफायर मांडीवर धरून तो म्हणाला.

"छे छे, परक्याच्या घरी झोपायचं म्हणजे काय!"

"लाजायचं नाही. घोरलात तरी चालेल. उलट जरा दणकून घोरा."

अण्णांनी जावयाकडे ऑपरेशन झालेल्या डोळ्याने कौतुकाने पाहिलं. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असा भाव त्या डोळ्यात होता, आणि कानसेनने घाईने रिक्षाबाहेर नजर वळवली.

"सासऱ्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, साहेब," बंगल्यावर पोचताच त्याने सांगितलं. "शेजारच्या खोलीत पडून राहतील." साहेबांचं लक्ष फ्यूजकडे होतं, त्यांनी मान हलवली. संगीताच्या खोलीला लागून पाहुण्यांची खोली होती आणि मधल्या दारावर, नेमका उजव्या स्पीकरमागे, जाड पडदा होता. अँप्लिफायर जोडण्याच्या निमित्ताने कानसेन पडद्यामागे गेला, त्याने ते दार चांगलं वीतभर उघडून ठेवलं, पलीकडे अण्णांना सोफ्यावर आडवं केलं, उशी पडद्याच्या बाजूला सरकवली, आणि बाहेर येऊन सुई टेकवली.

योजनेत खोट काढायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती, ती म्हणजे साहेबांच्या बाईसाहेब. नवरा दर रविवारी स्पीकरसमोर डोळे मिटून बसल्यामुळे त्यांच्याशी बोलायला घरात कोणी नसे. पाहुणे म्हातारे गृहस्थ एकटेच आहेत असं पाहून त्या दुसऱ्या दाराने त्यांच्यासाठी कडक कॉफी घेऊन खोलीत गेल्या.

संथ भाग सुरू झाला. साहेबांनी डोळे मिटले, रुमाल मांडीवर तयार ठेवला. डॉक्टरांनी हाताची घडी घातली. कानसेन पडद्याकडे कान लावून होता.

उजवीकडून किणकिण आली.

"हं!" साहेब पुटपुटले. "कपबशी! वादकांपैकी कोणीतरी कप खाली ठेवतंय. काय बारकावा आहे!"

"इटालियन लोकांना कॉफी लागतेच," डॉक्टर म्हणाले.

व्हायोलिन हळू झालं, आणि त्याच्या खालून एक बाईचा आवाज स्पष्ट आला, "साखर पुरे का?"

साहेबांनी डोळे उघडले. हा आवाज ते लग्न झाल्यापासून रोज ऐकत आले होते, आणि तोही कसलाच फ्यूज न लावता.

कानसेन उठून पडद्याकडे निघाला होता. साहेबांनी नुसता हात वर करून त्याला जागच्या जागी खिळवलं. पलीकडे गप्पा रंगात आल्या होत्या.

"अगं बाई, त्या रूटवर तुम्ही होतात? मी कॉलेजला त्याच बसने जायची!"

"मग मी तुम्हाला पुढे सरका म्हणून ओरडलोही असेन," अण्णा म्हणाले. कॉफीने त्यांचा आवाज कसा खणखणीत झाला होता. "माफ करा हं. अजून झोपेत ओरडतो. लेक म्हणते, पुढे चला, पुढे रिकामं आहे, असं चालू असतं. कवळी सैल आहे ना, त्यामुळे कोणाला कळत नाही काय म्हणतोय ते."

खोलीत डॉक्टरांनी अगदी हळू, चव घेत घेत म्हटलं, "पुऽदे… च्याला."

"पण आमचे जावई म्हणजे लाखात एक," पलीकडून अण्णांचं कौतुक चालूच होतं. "रिक्षात मला म्हणतात कसे, अण्णा, साहेबांच्या घरी दणकून घोरा! एवढं कोण करतं हो सासऱ्याचं?"

रेकॉर्ड संपली. सुई खरखरत राहिली, आणि ती उचलण्याचं काम कानसेनचं असूनही त्याने ते केलं नाही. साहेब उठले, त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. अण्णा कप सावरत अदबीने उभे राहिले.

"नमस्कार साहेब. तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

"मीही तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय," साहेब म्हणाले. "आपण… नोकरीला कुठे होतात?"

"बसमध्ये. कंडक्टर."

डॉक्टर खुर्चीवरून घसरून गालिच्यावर आले. "साहेब!" त्यांना बोलवत नव्हतं. "अहो, तुमचं बरोबरच होतं! कंडक्टरचाच आवाज!"

कानसेनला त्या क्षणी आपली पुढची नोकरी दिसत होती. तळघरातली रेकॉर्ड रूम, जुन्या फाइली, झुरळं, आणि शिक्का मारायलासुद्धा कोणी देत नाही. साहेबांची मान लाल झाली होती. त्यांनी त्याच्याकडे मोर्चा वळवला. एवढ्यात डॉक्टर डोळे पुसत उठले आणि सवयीने अण्णांच्या तोंडात डोकावले.

"ही वरची कवळी सैल आहे, अण्णा. म्हणून शीळ वाजते. उद्या दवाखान्यात या, दहा मिनिटांत घट्ट करून देतो."

"खबरदार!" साहेब ओरडले. सगळे दचकले, साहेब स्वतःसुद्धा. ते मग खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हात लावू नका कवळीला. डॉक्टर, तुम्ही हसा. पण त्या दिवशी ती रेकॉर्ड जशी वाजली, तशी मी जन्मात ऐकलेली नाही. कोणीतरी जवळ बसून आपल्यासारखंच श्वास घेतंय असं वाटत होतं."

यावर डॉक्टरही हसले नाहीत. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. अण्णांना यातलं काही कळलं नव्हतं, पण आपलं काहीतरी साहेबांना आवडलंय एवढं त्यांनी ओळखलं आणि ते नम्रपणे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर आत्ता झोपून बघतो. पण कॉफी झालीये हो."

सोमवारी केबिनमधून बोलावणं आलं नाही. मंगळवारीही नाही. कानसेनने शिक्के इतके हलके मारले, की अर्ध्या पत्रांवर ते उमटलेच नाहीत. रेकॉर्ड रूममध्ये बदली झाली नाही. हळूहळू त्याची भीती गेली, आणि रविवार जवळ आला तशी जरा आशाही वाटू लागली. दुपारी जिन्याखाली हॉर्न वाजला. साहेबांची गाडी! त्याने शर्ट बदलला, केस विंचरले, चपला घातल्या.

दारात ड्रायव्हर उभा होता. "अण्णांना न्यायला आलोय," तो म्हणाला.

"हो, चला, निघू या."

"फक्त अण्णांना सांगितलंय." ड्रायव्हरने ओशाळून काखेतली एक छोटी उशी काढून दाखवली. "ही बाईसाहेबांनी दिलीये. मान अवघडते म्हणाल्या."

अण्णा कोट घालून गाडीत बसून गेले. बायको पाळीवर होती. कानसेन रिकाम्या घरात स्पीकरसमोर बसला आणि त्याने तीच रेकॉर्ड लावली. पार्टिशनपलीकडे चिटपाखरू नव्हतं. मग त्याने महागडा फ्यूज काढून कोपऱ्यावरचा बसवून पाहिला. कोपऱ्यावरचा काढून पुन्हा महागडा बसवला. आता आत कुठला आहे, हे मध्येच त्याच्या लक्षात राहिलं नाही, आणि ऐकून तर ते ओळखता येईना.

तो मागचं झाकण उघडून बघणार, एवढ्यात फोन वाजला. साहेब होते. अगदी कुजबुजत बोलत होते, आणि त्यांनी त्याला आडनावाने हाक मारली. या वेळी संपूर्ण बरोबर.

"अहो, एक अडचण झालीये. रेकॉर्ड तयार आहे, डॉक्टर येऊन बसलेत, कॉफीसुद्धा दिली नाही. पण अण्णांना काही केल्या झोप लागत नाहीये."

कानसेनची छाती भरून आली. शेवटी त्याच्यावाचून मंडळाचं अडलं होतं तर! "लगेच येतो, साहेब," तो चपलेत पाय सरकवत म्हणाला. "रिक्षा करून येतो."

"नको, नको, यायची काही गरज नाही," साहेब घाईने म्हणाले. "मी फोन अण्णांच्या कानाला लावतो. तुम्ही फक्त त्या फ्यूजबद्दल बोला. अण्णा म्हणतात, तुम्ही घरी तो विषय काढलात की त्यांना हमखास झोप लागते."

कानसेनने घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली. त्याचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेबांनी दबक्या आवाजात आभार मानले आणि फोन ठेवून दिला.